मजुराचा पणजोबा दप्तरात कुठे सापडतो?

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देशमुखाची गढी, सनदा आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. ज्याच्या घरी वतन होते त्याच्या घरी कागद होते, आणि ज्याच्या घरी कागद होते त्याला आजोबा-पणजोबाही होते. बाकीच्यांना जणू आजोबा नव्हतेच. आजचा आमचा विषय या बाकीच्यांचा आहे: गिरणीतला साचेवाला, अडतीवरचा हमाल, रेल्वेचा गँगमन, पाटलाच्या वाड्यावरचा सालगडी. नांदेड आणि लातूर भागातल्या अशा माणसाच्या नातवाला किंवा पणतवाला आपला पूर्वज शोधायचा झाला, तर त्याने कुठे जावे आणि काय पाहावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे काही कळते ते युनियनच्या कामानिमित्त कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवताना कळले आहे.

हा शोध नुसता हौसेचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. युनियनच्या कचेरीत आमच्याकडे माणसे येतात ती वंशवृक्ष भिंतीवर लावण्यासाठी येत नाहीत. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला असतो आणि जातपडताळणीची तारीख जवळ आलेली असते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. ज्याच्या नावावर जमीन होती तो तलाठ्याकडे जातो. ज्याचा आजा दुसऱ्याच्या शेतावर राबला त्याने कुणाकडे जायचे? शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी हे सारे त्या एका चिठोऱ्यावर अडून बसते.

मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते. सरकार नोंद ठेवते ती ज्याच्याकडून काही घ्यायचे असते त्याची. निजामाच्या राज्यात सेतवार होते, फैसल पट्टी होती, वसुलीची पत्रके होती, आणि या सगळ्यांत नाव कुणाचे, तर सारा भरणाऱ्याचे. मजूर सारा भरत नव्हता, म्हणून तो दिसत नाही. तेव्हा त्याला त्याच्या नावाच्या पानावर शोधू नये, दुसऱ्याच्या पानाच्या कडेला शोधावे. सावकाराच्या चोपडीत तो कर्जदार म्हणून असतो, कुळाच्या नोंदवहीत वहिवाटदार म्हणून असतो, शाळेच्या पुस्तकात मुलाचा बाप म्हणून असतो, तुरुंगाच्या दप्तरात कच्चा कैदी म्हणून असतो. आमच्या अनुभवात गरिबाचा पूर्वज असाच सापडतो.

हे आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. आयर्लंड हा लहानसा, गरीब, शेतकरी-मजुरांचा देश. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथली सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्यांचे पणतू आज अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आपला पूर्वज शोधायला येतात. जून १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या तोंडी डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि जुन्या शिरगणतीची बहुतेक पाने राख झाली. मधल्या काही शिरगणत्यांचे कागद तर सरकारनेच आधी नष्ट केले होते. मग तिथले लोक काय करतात? १८४७ ते १८६४ च्या दरम्यान गरीब-करासाठी घराघराची आणि शेताशेताची जी मोजदाद झाली, तिच्यात ते बघतात. त्यात घरमालकाबरोबर राहणाऱ्या कुळाचेही नाव आहे. अनाथालयवजा श्रमगृहांची रजिस्टरे बघतात, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या बघतात. आणि १९०१ व १९११ ची शिरगणती त्यांच्या सरकारने सर्वांना फुकट खुली केली आहे. एका खोलीच्या झोपडीत कोण कोण राहत होते, वय किती, लिहिता-वाचता येत होते की नाही, हे तिच्यात नावानिशी वाचायला मिळते.

आपल्याकडे जनगणनेचा कायदा १९४८ चा आहे आणि त्याप्रमाणे घरोघरच्या नोंदी गुप्त असतात. त्या कुणालाही पाहता येत नाहीत, पुरावा म्हणूनही चालत नाहीत. म्हणजे आयरिश मजुराचा जो हुकमी दरवाजा, तो आपल्याला बंद आहे. पण एक खिडकी उघडी राहिली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर लिहिले गेले. त्यात जमीन असो-नसो, घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे. बलुतेदार आहे, सालगडी आहे, त्याची बायको आहे. ज्या गावाचे हे रजिस्टर तहसिलीत किंवा पोलीस ठाण्यात टिकले असेल, त्या गावचा मजूर नशीबवान म्हणावा. मराठवाड्यात शोध सुरू करणाऱ्याने हे आधी विचारावे. तिथला कारकून 'असले काही नसते' म्हणाला तरी लेखी अर्ज द्यावा.

आता हा शोध प्रत्यक्ष कसा चालतो ते पाहू. समजा, नांदेडचा एखादा तरुण आहे. त्याला एवढेच माहीत आहे, की पणजोबा उस्मानशाही मिलमध्ये होते आणि मूळ गाव मुखेडच्या बाजूचे. ही गिरणी गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात निघाली. गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे जाणारी मीटर गेज १९०० च्या सुमारास आली होती, कापूस भोवती होताच. कंधार, मुखेड, हदगावची माणसे आली, तेलंगणातले विणकर आले. १९७४ च्या कायद्याने गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, पुढे नांदेड टेक्स्टाईल मिल म्हणून चालली आणि मग बंद पडली. भोंगा थांबला तेव्हा त्याबरोबर मस्टर, तिकीट नंबरांची पुस्तके, खात्याखात्यांच्या हजेरीवह्याही कुठे गेल्या, हे विचारायला कुणाला सुचले नाही.

तरी सगळे बुडाले असे नाही. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली ज्या पहिल्या सहा उद्योगांना लागू झाला, त्यांत कापड होते. म्हणून १९५२ नंतर कायम कामावर असलेल्या गिरणीकामगाराला निधीचा नंबर होता आणि त्याने वारसाचे नामांकन भरून दिले होते. त्या कागदावर बायकोचे नाव, मुलांची नावे, वये आणि गाव असते. घरच्या जुन्या ट्रंकेत पिवळ्या पडलेल्या हिशेबाच्या चिठ्ठ्या असतात, त्या रद्दीत घालू नयेत. त्यावरचा नंबर हीच किल्ली आहे. नुसत्या नावाने कचेरीत काही सापडत नाही, नंबराने सापडते. आजीला विचारावे, बिल्ला कुठे ठेवला. पितळी बिल्ल्यावर नंबर कोरलेला असतो. बदली कामगाराची गोष्ट मात्र वेगळी. तो रोज फाटकाशी उभा राहायचा, जॉबरने बोलावले तर आत. त्याचे नाव आजच्या मस्टरवर असले तर उद्याच्या मस्टरवर नाही.

गिरणीतून एक पायरी मागे गेले की मूळ गाव येते, आणि तिथे शाळा आहे. प्रवेश-निर्गमाची वही हे मजुराच्या इतिहासातले सर्वात भरवशाचे पुस्तक आहे असे आमचे मत झाले आहे. पणजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षे गेला असेल, आणि त्याच्या नावापुढे बापाचे नाव, जात आणि धंदा लिहिलेला असेल. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा असतो, कारण तो मास्तरांनी दिलेला असतो! भावकीतल्या प्रत्येक घरातल्या एकेका मुलाचा उतारा काढावा. एकाचा सापडला नाही तर दुसऱ्याचा सापडतो, आणि नाते जुळवून दाखवता आले तर चुलत आज्याची नोंदही उपयोगी पडते. १९५६ नंतर काही घरांत आणखी एक गाठ पडलेली असते. आज्याच्या नोंदीत 'महार' आणि नातवाच्या नोंदीत 'बौद्ध'. दोन्ही खरे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले त्याने ते दोन शब्द जोडले गेले आहेत. अर्जात ते शब्दांत मांडावे लागते, एवढेच.

जुनी नोंद हातात आली की ती वाचायची कशी, हा निराळा प्रश्न. निजामी अमलातले तालुक्याचे दप्तर उर्दूत, त्याआधीचे फारसीत, गावकुलकर्ण्याचे बरेचसे मोडीत. उर्दू घसटून लिहिलेली असते आणि घाईत नुक्ते गळतात. नुक्ते नसले की 'बापू' आणि 'तातू' एकसारखे दिसतात. ऱ्हस्व स्वर तर लिहिलेलेच नसतात. म्हणून जाणत्याकडून वाचून घ्यावे, आणि एकाच्या वाचनावर न थांबता दुसऱ्यालाही दाखवावे. आडनाव शोधत बसू नये. ते बहुधा नसतेच. 'लिंबा वल्द रामा' असे लिहिलेले असते. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईचे नाव 'सखू जौजे लिंबा', म्हणजे लिंबाची बायको, आणि तो वारला की तीच 'बेवा' होते. बाईला स्वतःचा बाप या दप्तरात क्वचितच मिळतो. माहेरचे गाव शोधायचे तर ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारणे बरे.

सालांचा घोळ तर भल्याभल्यांना चकवतो. हैदराबादचे सरकारी साल फसली. ते आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल निघते: १३५० फसली म्हणजे १९४०-४१. पण त्याच कागदावर हिजरी साल असेल तर हिशेब बदलतो. १३५० हिजरी म्हणजे १९३१-३२. दहा वर्षांचा फरक पडला की बाप मुलाहून लहान ठरतो आणि प्रकरण फेटाळले जाते. महिना बघावा. बहमन, खुर्दाद, शहरेवार असे महिने असतील तर साल फसली. मोहरम, सफर, रज्जब असतील तर हिजरी.

तिसरी गोष्ट जिल्ह्याची. माणूस जागचा हलला नाही, पण जिल्हा त्याच्या पायाखालून हलला, असे आपल्याकडे झाले आहे. आजचा लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी लातूर उस्मानाबादेत होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. म्हणून उदगीरच्या हमालाच्या आज्याचा कागद लातुरात विचाराल तर मिळणार नाही. बिदर, धाराशिव आणि लातूर अशा तीन ठिकाणी विचारावा लागेल. किनवट तालुका १९५६ साली आदिलाबादेतून आपल्याकडे आला, आणि नांदेडच्या देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ-भैंसा हा भाग तिकडे गेला. मुधोळकडून नांदेडला गिरणीत आलेल्या माणसाने कोणतीही सीमा ओलांडलेली नव्हती, तो आपल्याच जिल्ह्याच्या गावाला आला होता. एका कचेरीत मात्र त्याच्या नातवाला 'तुम्ही परराज्यातले' असे ऐकवण्यात आले. आम्ही राज्य पुनर्रचनेच्या कायद्याची प्रत टेबलावर ठेवली, तेव्हा कुठे अर्ज आत घेतला गेला. ज्यांची गावे सीमेवर आहेत त्यांनी ही प्रत जवळ बाळगावी.

शेतमजुरांसाठी १९५० नंतरचे दोन दस्तऐवज महत्त्वाचे. एक, हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा १९५० प्रमाणे केलेली संरक्षित कुळांची नोंदवही. दुसरे, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. त्यात मालकाच्या नावाबरोबर प्रत्यक्ष कसणाराचेही नाव आहे. ज्याची जमीन नव्हती पण नांगर होता, तो इथे प्रथम उजेडात येतो. सालगडी मात्र इथेही नाही. त्याचे साल पाडव्याला ठरायचे, तोंडी ठरायचे, आणि त्याच्या कष्टाची एकमेव लेखी खूण म्हणजे मालकाच्या वहीतली उचल: अमुक पायली जोंधळे, अमुक रुपये, एक घोंगडी. अशा वह्या जुन्या वाड्यांत अजून आहेत. मालकांच्या नातवांनी त्या दाखवाव्यात अशी आमची विनंती आहे. त्यात त्यांना लाज वाटण्यासारखे काही असेलही, पण गड्याच्या नातवाला त्यात त्याचा आजा मिळतो.

लातूरकडे कागदांचा रंग थोडा वेगळा. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली आणि गंजगोलाईभोवतीची अडत फुगली. ही कंपनी विलायतेत नोंदलेली. १९५४ साली सरकारने ती घेतली. विलायती कंपन्यांच्या दप्तरांत गोऱ्या इंजिनिअरांची, ड्रायव्हरांची नावे मिळतात. रूळ उचलणाऱ्या माणसांचा नुसता आकडा असतो. याच हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या आयरिश शिपायाचे नाव, त्याच्या पोराचा बाप्तिस्मा, त्याचे दफन हे सारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आजही पाहायला मिळते. तोही आपल्या देशात भुकेकंगालच होता, पण सरकारला त्याचे नाव लागत होते. मॉरिशसला कराराने गेलेल्या मजुरांचेही तसेच. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिकडे गेली, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. त्यांची नावे, बापाचे नाव, जात, गाव, अंगावरच्या खुणा, पुढेपुढे तर छायाचित्रेही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. जहाजात घालून नेलेल्या मजुराचा कागद शाबूत आहे आणि मुखेडहून चालत नांदेडला आलेल्याचा नाही. आम्हाला याचे नवल वाटत नाही. तिथे मळेवाल्याला पळून गेलेला माणूस ओळखायचा होता.

लातूरच्या हमालांचे कागद नीट सुरू झाले ते माथाडी कायदा १९६९ चा आल्यावर. मंडळाकडे नोंदलेल्या कामगाराचे नाव, वय, पत्ता असतो. त्याआधीचे शोधायचे तर अडत्यांच्या रोजकीर्दी.

आणि ३० सप्टेंबर १९९३ विसरता येत नाही. किल्लारी आणि आसपासची गावे पहाटे कोसळली, सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि दगडामातीखाली घरातल्या ट्रंका गेल्या, त्यांत होते नव्हते ते कागद. पण पुनर्वसनाच्या लाभार्थी याद्या हा त्या गावांचा नवा जन्मदाखला झाला. त्या याद्यांतही प्रतवारी कशाची, तर जमिनीची: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फुटांचे घर, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. भूकंपाने सगळ्यांना सारखे केले होते. यादीने पुन्हा ज्याला त्याला आपापल्या जागी बसवले. तरी शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या यादीत भूमिहीनाचे नाव आहे, ही जमेची बाजू.

कागदाबाहेरही एक दप्तर आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची कीर्ती मोठी, पण तिथपर्यंत जायला गाठीला पैसा लागे, आणि ज्यांना १९३० साली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह करावा लागला त्यांची नावे त्या वह्यांत शोधण्यात वेळ घालवू नये. कर्नाटकाच्या सीमेकडे हेळवी येतात आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. मातंगांकडे डक्कलवार येत. किंगरी वाजवून कुळाची कथा सांगणारे हे लोक म्हणजे मागत्यांपैकीही शेवटचे मागते. कचेरी त्यांचा शब्द पुरावा मानत नाही. पण त्यांनी सांगितलेल्या गावाच्या नावावरून आम्ही त्या गावच्या शाळेत गेलो आहोत आणि उतारा हाती लागलेला आहे.

अलीकडे या दप्तरांकडे साऱ्यांचे लक्ष गेले ते कुणबी नोंदींमुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि महसूल, शाळा, भूमी अभिलेख, तुरुंग, पोलीस, अबकारी अशी कधी न उघडलेली कपाटे उघडली गेली. हैदराबादेतली निजामकालीन कागदपत्रेही पाहिली गेली. आरक्षणाच्या वादात आज शिरायचे नाही, तो या व्यासपीठाचा विषय नव्हे. आमचे म्हणणे इतकेच, की कपाटे एका कामासाठी उघडली तरी आत सगळ्यांची नावे आहेत. जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर चढवलेली पाने चांभाराच्या, कोळ्याच्या, तेल्याच्या नातवानेही चाळावीत. आणि गॅझेटिअर म्हणजे माणसांच्या नावांची यादी असे समजून कुणी त्यात पणजोबा शोधू नये. त्यात जातींचे आकडे आहेत, माणसे नाहीत.

सरकारी दप्तराची वर्गवारी असते. 'अ' वर्गातले कागद कायम ठेवायचे, खालच्या वर्गातले मुदत संपली की नष्ट करायचे. जमिनीचे कागद वरच्या वर्गात, मजुरीची हजेरीपत्रके मुदतीच्या वर्गात. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या लाखो बायाबापड्यांनी खडी फोडली, तलाव खोदले, हजेरीपत्रकावर अंगठे उठवले. त्या अंगठ्यांपैकी किती कपाटात उरले असतील? युनियनांनाही यात हात झटकता येणार नाहीत. सभासदांच्या वर्गणीची पावतीपुस्तके हिशेब तपासून झाले की बऱ्याच ठिकाणी पोत्यात जातात, आणि त्या पावतीवर नाव, खाते, तिकीट नंबर सारे असते.

आमच्या कचेरीत आम्ही आता एक वही केली आहे. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्यांची नोंद घेतो. मुकादमाच्या डायरीत 'एक कोयता' असे लिहिलेले असते. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, पण नाव नवऱ्याचेच, उचलही त्याच्याच नावावर. आमच्या वहीत रकाने पाच: त्याचे नाव, तिचे नाव, तिच्या बापाचे नाव व गाव, मुले, आणि कोणत्या कारखान्याला गेले. पहिल्या वर्षी बायका स्वतःच्या बापाचे नाव सांगताना आधी नवऱ्याकडे बघत. या वर्षी दोघीतिघी वही उघडायच्या आतच सांगून मोकळ्या झाल्या.